रेंजफाइंडर कॅमेऱ्यात रोल भरण्याची रीत : पार्श्वभूमी

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपायला येणाऱ्यांमध्ये अलीकडे फिल्मचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवलेली तरुण मंडळीही दिसतात. कोणाला तो आजोबांच्या कपाटात मिळालेला असतो, तर कोणी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला असतो. त्यांतले काही कॅमेरे रेंजफाइंडर प्रकारचे, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून वस्तूचे अंतर मोजणारी खिडकी असलेले असतात आणि ते हाती आल्यावर पहिली अडचण येते ती फोकसची किंवा प्रकाशमापनाची नव्हे, तर रोल नीट भरण्याची. धुवायला दिलेला पहिला रोल कोरा परत येणे ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. अशा वेळी फिल्मच्या कडेला छापलेले आकडे काळे आणि स्पष्ट उमटले असतील, तर धुण्यात काही चुकलेले नाही. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती का सरकली नाही हे समजण्यासाठी या कॅमेऱ्याची घडण कशी झाली ते पाहावे लागते, कारण रोल भरण्याच्या रीतीतली जवळजवळ प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या जुन्या निर्णयातून आलेली आहे.

पहिला निर्णय फिल्मचा होता. जर्मनीतील वेट्झलार गावी सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या एर्न्स्ट लायट्झ यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बर्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास एक लहान कॅमेरा घडवला आणि त्यासाठी चलचित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे होती. चलचित्रात एक चौकट चार छिद्रांएवढी असते; बर्नाक यांनी फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटरची केली आणि प्रत्येक छायाचित्रासाठी आठ छिद्रे, म्हणजे ३८ मिलिमीटर फिल्म पुढे जाईल अशी योजना केली. फिल्म पुढे नेणाऱ्या दातेरी चाकाचे दात छिद्रांत बसले पाहिजेत, ही आजही रोल भरताना डोळ्यांनी पाहून खात्री करण्याची गोष्ट आहे आणि तिचे मूळ या निवडीत आहे.

महायुद्धामुळे काम लांबले आणि बर्नाक यांचा हा कॅमेरा, म्हणजे लाइका, १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात लोकांसमोर आला. त्याचे बाहेरचे कवच एकसंध होते आणि मागे उघडणारे दार नव्हते. फिल्म आत जायची ती खालून, तळझाकण काढून, एका अरुंद खाचेतून. या रचनेने कॅमेरा लहान, मजबूत आणि प्रकाशबंद झाला. त्याची किंमत मात्र रोल भरणाऱ्याच्या बोटांना मोजावी लागली. त्या काळी बाजारात तयार रोल मिळत नव्हता. छायाचित्रकार लांब फिल्ममधून तुकडा कापून तो काळोख्या खोलीत पितळी डबीत भरत असे. तळझाकणाची चावी फिरवली की कॅमेरा बंद होताना आतल्या डबीचे तोंड रुंद उघडायचे, म्हणजे फिल्म कशालाही न घासता बाहेर येई. आणि झाकण काढण्यासाठी चावी उलटी फिरवली की डबीचे तोंड आधी मिटायचे. एका चावीवर दोन्ही कामे सोपवण्याची ती योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

१९३२ हे वर्ष या हकिकतीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लाइका दोनमध्ये भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर कॅमेऱ्यातच बसवला गेला आणि त्याच वर्षी झाइस इकॉन कंपनीने कॉन्टॅक्स बाजारात आणला. कॉन्टॅक्सची पाठ आणि तळ मिळून एकच भाग होता आणि तो पूर्ण निघत असे. पाठ बाजूला ठेवली की फिल्मची सगळी वाट उघड्यावर दिसे. लाइकात मात्र भरणारा माणूस जवळजवळ आंधळेपणाने काम करी. रोल भरण्याच्या दोन वेगळ्या परंपरा इथून सुरू झाल्या, आणि शिकणाऱ्याने आपला कॅमेरा त्यांपैकी कोणत्या घराण्यातला आहे हे सर्वांत आधी ओळखावे असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या घराण्याची रीत वापरली की फिल्म फाटण्याचा धोका असतो.

सोव्हिएत संघातल्या कारखान्यांनी या दोन्ही रीती उचलल्या. खार्किव येथे अनाथ मुलांसाठी स्थापन झालेल्या श्रमवसाहतीत १९३४ पासून लाइका दोनच्या धर्तीवर फेड कॅमेरे बनू लागले, १९४८ मध्ये झॉर्की आला, तर कॉन्टॅक्सच्या धर्तीवर कीएव्ह कॅमेरे तयार झाले. पुढच्या १९५५ च्या फेड-२ ची आणि १९५६ च्या झॉर्की-४ ची पाठ मात्र निघणारी होती. त्यामुळे ‘झॉर्की’ एवढे नाव वाचून रोल कुठून भरायचा ते कळत नाही. कॅमेरा उलटा करून पाहावेच लागते.

तयार रोलची कथा १९३० च्या दशकातली आहे. कोडॅकने १९३४ मध्ये, डॉ. ऑगस्ट नागेल यांनी घडवलेल्या रेटिना कॅमेऱ्यासोबत, उजेडात भरता येणारी १३५ क्रमांकाची डबी आणली. डबीच्या तोंडाला उजेड अडवणारी मखमलीची पट्टी होती आणि फिल्मचे टोक, म्हणजे तिची जीभ, अर्ध्या रुंदीचे कापलेले होते. तळातून रोल भरण्याच्या कॅमेऱ्यांना हीच जीभ लागत असे, कारण पूर्ण रुंदीची फिल्म खाचेतून आडवी आत सरकवताना अडकते. आजच्या रोलची जीभ मात्र आखूड असते. भिंग स्क्रूसारखे फिरवून बसवण्याच्या जुन्या लाइकात, आरंभीच्या फेडमध्ये किंवा झॉर्कीत ती तशीच घातली, तर छिद्रे फाटतात आणि फिल्मचा कपचा शटरमध्ये जाऊन पडतो. म्हणून ती कात्रीने सुमारे दहा सेंटीमीटर लांब करावी लागते. काप दोन छिद्रांच्या मधून घ्यायचा, छिद्रावरून नाही; अर्धवट कापलेल्या छिद्रापासूनच चीर पुढे जाते. हा काप अचूक यावा म्हणून लायट्झ कारखान्याने पूर्वी एक धातूचा साचाच विकायला ठेवला होता.

महाराष्ट्रातल्या घरांत मात्र सवय वेगळ्याच रोलची होती. बडोद्यात जुळवल्या जाणाऱ्या आगफा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात १२० चा रोल लागे. त्याच्या पाठीला कागद असे, मागच्या लाल खिडकीतून आकडे दिसत, शेवटचे छायाचित्र झाले की फिल्म दुसऱ्या रिळावर पूर्ण गुंडाळलेली असे आणि तो रोल तसाच काढून द्यायचा. मागे गुंडाळण्याचा प्रश्नच नव्हता. या सवयीत वाढलेल्या वडीलधाऱ्यांकडून शिकलेले मूल ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचे झाकण छत्तीस छायाचित्रांनंतर, फिल्म डबीत मागे न गुंडाळता, थेट उघडते आणि सगळा रोल उजेड खातो. घरातला सल्ला प्रेमाचा असला तरी तो कोणत्या रोलसाठी दिलेला आहे हे विचारून घेतले पाहिजे.

१९५४ ची लाइका एम-३ हा पुढचा टप्पा. तळझाकण तसेच राहिले, पण पाठीला वर उचलता येणारे एक लहान दार आले, ज्यातून फिल्म दातांवर बसली की नाही हे दिसू लागले. तिच्यात फिल्म गुंडाळणारे रीळ सुटे असते. ते बाहेर काढून फिल्मची जीभ त्याच्या पट्टीखाली खोचायची, मग रीळ आणि डबी दोन्ही एकाच वेळी आत सरकवायची, दातांवर छिद्रे बसवायची, दार मिटायचे आणि झाकण लावायचे. मागावर कापड गुंडाळणाऱ्या रुळाला ताण्याचे पहिले टोक पक्के बसले नसेल तर माग चालला तरी कापड पुढे जात नाही, हे सोलापूरच्या पूर्व भागात वेगळे सांगावे लागणार नाही. इथे सगळी मदार तशीच त्या खोचलेल्या टोकावर असते. १९६७ च्या एम-४ मध्ये सुट्या रिळाच्या जागी तीन पाकळ्यांचे कायम रीळ आले आणि जीभ त्या पाकळ्यांत नुसती ठेवली की भागू लागले. जपानमध्ये कॅननने १९६५ च्या कॅनोनेट क्यूएल-१७ मध्ये वेगळा उपाय केला : मागचे दार उघडायचे, फिल्मचे टोक खुणेपर्यंत ओढायचे आणि दार लावायचे, म्हणजे आतली पट्टी फिल्म रिळावर दाबून धरते.

या सर्व प्रकारांना लागू पडणारी एकच चाचणी आहे. रोल भरून झाकण लावल्यावर रिवाइंडचा, म्हणजे फिल्म डबीत मागे गुंडाळण्याचा नॉब हलकेच फिरवून डबीतली सैल फिल्म ताणून घ्यायची आणि मग फिल्म पुढे सरकवताना तोच नॉब उलट्या दिशेने आपोआप फिरतो का ते पाहायचे. एम-३ मध्ये हे कळावे म्हणून नॉबच्या दांड्यावर दोन लाल ठिपकेच दिलेले आहेत. छायाचित्रांचा आकडा दाखवणारी तबकडी यासाठी भरवशाची नाही; फिल्म जागची हलली नाही तरी ती पुढे जात राहते. माझ्या दृष्टीने नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवण्याची गोष्ट हीच आहे, बाकीचे पुस्तक नंतर.

सोलापूरच्या हवेमुळे दोन गोष्टी जास्त जपाव्या लागतात. मार्च ते मे या महिन्यांतल्या रणरणत्या उन्हात मखमलीच्या पट्टीवर पूर्ण विसंबू नये. रोल सावलीत, शक्यतो स्वतःच्या अंगाच्या आडोशाला भरावा. आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये छायाचित्रे घ्यायची असतील तर रोल बाहेरच भरून आत जावे, कारण तिथे उडणारे सुताचे तंतू फिल्मला मागून दाबणाऱ्या पट्टीवर बसतात आणि त्यांत एखादा कण अडकला तर निगेटिव्हवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओरखडा उमटतो.

लाइकाने २००३ ची एमपी, २०१४ ची एम-ए आणि २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणलेली एम-६ हे फिल्मचे कॅमेरेही तळातूनच भरण्याचे ठेवले आहेत. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने म्हणूनच तळझाकण स्वतः काढून पाहावे आणि एम-३, कीएव्ह किंवा फेडसारखा कॅमेरा असेल तर सुटे रीळ जागेवर आहे ना याची खात्री करावी. पाठ निघणाऱ्या कॅमेऱ्यांत ते रोल बदलताना सहज घरंगळून हरवते, आणि त्याच्याशिवाय बाकी सर्व ठीक असलेल्या कॅमेऱ्यातही रोल भरता येत नाही.