वृद्धी संप्रेरक : मेद ऊतक व ग्लुकोज चयापचयावरील परिणाम

वृद्धी संप्रेरक (ग्रोथ हॉर्मोन) हे पोष ग्रंथीच्या (पिट्युटरीच्या) अग्रखंडातून स्रवणारे, १९१ ॲमिनो आम्लांच्या एका साखळीचे प्रथिन आहे. उंची वाढवणारे संप्रेरक अशीच त्याची सर्वसाधारण ओळख असली, तरी हाडांची वाढ थांबल्यावरही ते आयुष्यभर स्रवत राहते. प्रौढ शरीरात साठवलेली चरबी मोकळी करणे, ग्लुकोज राखून ठेवणे आणि स्नायूंतील प्रथिनांची झीज रोखणे ही त्याची मुख्य कामे होत. मेदावरचा आणि ग्लुकोजवरचा परिणाम बहुधा वेगवेगळे सांगितले जातात. वस्तुतः दुसरा बऱ्याच अंशी पहिल्यातूनच उद्भवतो.

मेदपेशीवरील ग्राहीला (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, रिसेप्टरला) हे संप्रेरक जोडले गेले की पेशीतील ट्रायग्लिसराइडांचे, म्हणजे साठवलेल्या चरबीचे, विघटन वाढते आणि मेदाम्ले व ग्लिसरॉल रक्तात उतरतात. त्याच वेळी रक्तातील मेद पेशीत साठवण्यास मदत करणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराला (एन्झाइमला) मेद ऊतकात आळा बसतो. स्राव सलग नसतो, तो लाटांनी होतो. एका लाटेनंतर साधारण दोन ते तीन तासांनी रक्तातील मेदाम्ले कमाल पातळीला पोहोचतात. आतड्यांभोवतीची चरबी या संप्रेरकाला विशेष प्रतिसाद देते आणि त्याची कमतरता असलेल्या प्रौढांचे पोट सुटलेले दिसते, ते यामुळेच.

रक्तात आलेली मेदाम्ले स्नायू इंधन म्हणून वापरू लागले की ग्लुकोजचे ज्वलन मागे पडते. मेदाम्ले व ग्लुकोज यांच्यातील ही स्पर्धा फिलिप रँडल या जीवरसायनशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. याशिवाय वृद्धी संप्रेरक इन्शुलिनच्या पेशीअंतर्गत संकेतमार्गातही अडथळा आणते आणि यकृतातून बाहेर पडणारे ग्लुकोज वाढवते. मेदविघटन थांबवणारे ॲसिपिमॉक्स हे औषध दिल्यास या संप्रेरकामुळे आलेला इन्शुलिनरोध (इन्शुलिनला पेशींनी पुरेसा प्रतिसाद न देणे) बराचसा कमी होतो. साखरेच्या बिघाडाची वाट चरबीतून जाते, याचा हा सर्वांत बोलका पुरावा मानावा लागतो.

उपवासात हीच यंत्रणा उपकारक ठरते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पायी निघालेल्या आणि काहीही न खाणाऱ्या वारकऱ्याच्या शरीरात इन्शुलिन उतरलेले असते, तर उपवास आणि चाल या दोहोंमुळे वृद्धी संप्रेरक वाढते. पायांचे स्नायू मोठ्या प्रमाणावर चरबीवर चालतात आणि मेंदूसाठी ग्लुकोज शिल्लक राहते. वाटेत साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर चित्र पालटते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने इन्शुलिन वर जाते आणि मेदविघटन मंदावते. शरीरक्रियेच्या दृष्टीने हा उपवास राहतच नाही, आणि मधुमेही व्यक्तीने ही गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यायला हवी.

झोपेच्या पहिल्या काही तासांत, गाढ निद्रेत, या संप्रेरकाची सर्वांत मोठी लाट येते. निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन वाढवून पहाटेपर्यंत तिचा परिणाम सावरून घेते. टाइप १ मधुमेहात ते शक्य नसते. रात्री मोजके जेवूनही सकाळी उपाशीपोटीची साखर चढलेली का, या रुग्णांच्या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे. वैद्यकात याला पहाटेची साखरवाढ म्हणतात.

पोष ग्रंथी व मधुमेह यांचा संबंध अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवला. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पोष ग्रंथीही काढली, तर मधुमेहाची तीव्रता कमी होते, असे त्यांना आढळले. पोष ग्रंथीच्या अग्रखंडाच्या साखरेच्या चयापचयातील भूमिकेसाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संप्रेरक अतिरिक्त झाले की काय होते, हे ॲक्रोमेगाली या आजारात दिसते. पोष ग्रंथीतील गाठीमुळे हात, पाय व जबडा वाढतो, शरीरातील चरबी घटते आणि तरीही अनेकांना मधुमेह होतो. बारीक अंगाच्या माणसालाही इन्शुलिनरोध असू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून संप्रेरकाची पातळी मोजतात. निरोगी व्यक्तीत ती दबते, या रुग्णांत पुरेशी दबत नाही. याच्या उलट, लारॉन संलक्षण (सिंड्रोम) या आजारात वृद्धी संप्रेरकाची ग्राहीच सदोष असल्याने रुग्ण बुटके व स्थूल असतात. पण इक्वेडोरमधील अशा रुग्णांत मधुमेह जवळजवळ आढळला नाही.

ॲक्रोमेगालीची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर साखर बहुधा सुधारते. ग्राही अडवणारे पेगव्हिसोमँट हे औषधही ती सुधारते; पॅसिरिओटाइड हे औषध मात्र वृद्धी संप्रेरकासोबत इन्शुलिनचा स्रावही दाबत असल्याने साखर वाढवू शकते, म्हणून ते सुरू केल्यावर रक्तशर्करा वारंवार तपासावी लागते.