खुब्याच्या इम्प्लांटची केस : दोन वर्षं कधीपासून मोजायची आणि तक्रार कुठे करायची

मावशीच्या खुब्याच्या ऑपरेशनची फाइल चाळताना एका कागदावर छोटं स्टिकर चिकटवलेलं दिसलं, कंपनी, साइझ, लॉट नंबर. घरात कुणी ते कधी वाचलंच नव्हतं. आणि केस करायची वेळ आली तर सगळ्यात आधी तेच लागतं.

हे कळलं एएसआर खुब्यांच्या प्रकरणामुळे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा हा कृत्रिम खुबा, धातूवर धातू घासणारा, घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरायचे, शेवटी ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात साधारण ४,७०० ऑपरेशनं झाली होती.

अमेरिकेत १९६८ पासून एक कायदा आहे, देशभरच्या फेडरल कोर्टांतल्या एकसारख्या केसेस सुरुवातीच्या सुनावणीसाठी एकाच जजकडे देता येतात, एएसआरच्या अशा केसेस ओहायोतल्या टोलेडोला गेल्या आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. पण कोर्ट एक झालं तरी केस करायची मुदत ज्या त्या राज्याचीच, टेनेसीत एक वर्ष, टेक्ससमध्ये दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन.

आपल्याकडे सगळ्या केसेस एकाच जजकडे द्यायची अशी सोय नव्हती, बहुतेकांना आपापलं लढावं लागायचं. ग्राहक कायदा १९८६ चा, त्यात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत १९९३ ला आली. तक्रार करायची ती समोरच्या पार्टीचं ऑफिस असेल तिथे, नाहीतर जिथे प्रकार घडला तिथे, म्हणजे सोलापूरच्या माणसाचं ऑपरेशन मुंबईत झालं असेल तर वॉकर घेऊन तारखांना मुंबईच्याच खेपा. हे मला फार क्रूर वाटतं. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० ला लागू झाला तेव्हा कुठे आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करायची सोय झाली. आणि आता भरपाई किती मागितली यावर नाही तर पैसे किती भरले यावर आयोग ठरतो, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे खुब्याची केस सहसा जिल्ह्यातच बसते.

पण दोन वर्षं मोजायची कधीपासून? ऑपरेशनपासून, दुखायला लागलं तेव्हापासून की दोष कळला तेव्हापासून? गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या एका नर्सबाईंचं १९९३ ला मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोटात गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार कापड) राहिलं, ते सापडलं २००२ ला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तत्त्व मान्य केलं की आतला दोष कळेल तेव्हापासून मुदत मोजता येते, पण बाई स्वतः नर्स, एवढी वर्षं दुखत होतं तर तपासून घ्यायला हवं होतं असं म्हणून त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरली. खुबा दुखतोय पण "वयामुळे असेल" म्हणून गप्प बसणाऱ्यांना हाच निकाल आडवा येऊ शकतो. उशीर माफ होतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं.

एएसआरच्या पेशंटना कंपनीने किती भरपाई द्यायची याचा सरकारी फॉर्म्युला यायला २०१८ उजाडलं, ३० लाख ते १ कोटी २३ लाख, वय आणि अपंगत्व बघून. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, खुबा बदलायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायला २०१९ मध्ये तयार झाली. ४,७०० पैकी कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली होती ती जेमतेम हजारभर पेशंटची.