"मरी उनी": घरच्या कोंबड्यांची मर आणि नवापूरनंतरची भीती

खान्देशात घरच्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या की एकच शब्द, मर. आमची आजी तर सरळ "मरी उनी" (मरी आली) म्हणायची आणि मरीमायला नारळ फोडून मोकळी व्हायची. कॉलरा असो, देवी असो की मानमोडी, सगळ्याला तेच नाव, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यातली सगळ्यात वाईट मानमोडी, म्हणजे दवाखान्यातल्या भाषेत राणीखेत. कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२७ च्या सुमारास हा रोग सापडला म्हणून ते नाव चिकटलं, जगात बाकी सगळे इंग्लंडच्या न्यूकॅसलवरून न्यूकॅसल म्हणतात (दोन्ही गावांचा बिचाऱ्यांचा काय गुन्हा). १९४० च्या दशकात तिथूनच जवळ असलेल्या मुक्तेश्वरच्या लॅबमध्ये लसही तयार झाली, म्हणजे लस जुनीच आहे, मग आपल्या कोंबड्या अजून का मरतात? कारण बाटली असते शंभर-दोनशे डोसची, ती बर्फात आणायची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. शेडवाल्याला ते जमतं, खुराड्यात सहा कोंबड्या असलेल्या मावशीला जळगावच्या उन्हात कसं जमणार? मग कोंबडी झुरायला लागली की ती गपचूप आठवडे बाजारात नेऊन विकतात आणि रोग तिच्याबरोबर पुढच्या गावाला जातो.

मग आलं २००६. फेब्रुवारीत नवापूरला (ते अर्धं स्टेशन गुजरातेत असलेलं, तेच) पोल्ट्र्यांमध्ये मर लागली, आधी सगळ्यांना राणीखेतच वाटलं, पण भोपाळच्या लॅबने बर्ड फ्लू सांगितला, भारतातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात निघाला तो मात्र घरगुती कोंबड्यांत, आणि सरकारी टीम दारोदार फिरून मारायला कोंबड्या गोळा करायला लागली. २०२१ ला नवापूरला परत तेच. तेव्हापासून कोंबडी मेली की लोक सांगतच नाहीत, रात्री नाल्यात फेकून देतात, कारण कळवलं तर गल्लीतल्या सगळ्याच जातील ही धास्ती. धास्ती समजू शकते, पण नाल्यातली कोंबडी कुत्रं-कावळे ओढतात.

हिरवट पातळ हगणं, तोंड उघडून श्वास घेणं, लोंबलेले पंख, नंतर मान पिळवटणं, ही मानमोडीची ठरलेली लक्षणं, अंडी त्याआधीच कमी होतात नाहीतर मऊ कवचाची येतात. तुरा जांभळा, डोकं सुजलेलं आणि एका रात्रीत खुराडंच रिकामं झालं तर बर्ड फ्लूची शंका घ्यायची, पण नुसतं बघून दोघांतला फरक डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, त्याला लॅबच लागते. औषध दोन्हीला नाही. मेडिकलमधून आणलेली अँटीबायोटिकची गोळी पाण्यात टाकतात ती विषाणूला काहीच करत नाही. आजारी कोंबडी वेगळ्या डालग्याखाली ठेवायची, मेलेलीला उघड्या हाताने शिवायचं नाही, कापून खायची तर नाहीच, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, मग ते सांगतील तशी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची.

लसीचं म्हणाल तर आमच्या गल्लीत आता दहा-बारा घरं मिळून एकच बाटली आणतात. संध्याकाळी, कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरल्यावर, म्हणजे पकडायला पळापळ नको.