विमान उसळतं तेव्हा

नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्यात संध्याकाळी गच्चीवर गेलं की हल्ली विमानं उतरताना दिसतात. साठेक टनांचं धूड ताशी अडीचशे किलोमीटरने येतं आणि ३,७०० मीटरच्या धावपट्टीवर अलगद टेकतं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा बारामतीला विमान चालवायला शिकतोय. त्याच्या आईने परवा विचारलं, "एवढी मोठी विमानं नीट उतरतात, मग शिकाऊ पोरांची लहान विमानंच का आपटतात हो?"

प्रश्न रास्त आहे. शिकाऊ मुलांच्या हाती बहुतेक वेळा सेस्ना १७२सारखं विमान असतं. माणसं आणि इंधन धरून वजन अकराशे किलोच्या आसपास, उतरतानाचा वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. १० नॉटचा झोत आला तर मोठ्या विमानाच्या वेगात सातेक टक्क्यांचा फरक पडतो, सेस्नाच्या वेगात पंधरा टक्क्यांचा. दुपारी खाडीवरून सुटणारा वारा पाम बीच रोडवर स्कूटर चालवताना ज्यांनी झेललाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाऱ्यापेक्षाही घात करतो तो जादा वेग. वेग कमी पडून पंखांची उचल हवेतच सुटेल या धास्तीने विद्यार्थी ६५ऐवजी ७५ नॉटने येतो. फरक दहाच नॉटचा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जिरवायची ऊर्जा तब्बल ३३ टक्क्यांनी जास्त. त्यात जमीन पंखविस्ताराइतकी, म्हणजे ११ मीटरपेक्षा जवळ आली की पंखांच्या टोकांशी होणारे हवेचे भोवरे दबतात, मागे ओढणारा रोध घटतो आणि विमान टेकायचं नावच घेत नाही. धावपट्टी मात्र संपत चाललेली असते.

इथे धीर सुटतो. विद्यार्थी योक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचं हँडल, पुढे ढकलून विमान जबरदस्तीने खाली बसवू पाहतो. खरं तर मागची दोन मुख्य चाकं आधी टेकायला हवीत. योक ढकलल्यावर पुढचं चाक आधी आपटतं, नाक वर उडतं, पंखांचा हवेशी असलेला कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत. विद्यार्थी घाबरून परत योक ढकलतो. पण डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत आणि हात हलल्यापासून विमान ऐकेपर्यंत वेळ जातो. तोवर नाक आपणहून खाली यायला लागलेलं असतं, त्यात ह्या धक्क्याची भर पडते. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी. शेवटी पुढच्या चाकाचा पाय मोडतो, फिरता प्रोपेलर डांबरावर आपटतो, पाती वाकतात आणि इंजिन उघडून तपासावं लागतं.

पहिली उसळी अनुभवी वैमानिकाचीही होते. ती मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडायचा, नाक बेताने सावरायचं आणि गो-अराउंड करायचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. पुन्हा वर जाणं म्हणजे नामुष्की, असं विशीतल्या पोराला वाटू देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तिथेही घाई नको. फ्लॅप, म्हणजे उतरताना जादा उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला खाली काढलेल्या झडपा, एकदम आत घेतले तर उचल झटकन कमी होऊन विमान खाली बसतं, म्हणून वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने घ्यायचे असतात.