मोजणाऱ्याचे पैसे कोण देतं?

रबाळे, पावणे किंवा तळोजा एमआयडीसीत धुराड्याची तपासणी कशी होते? माणूस शिडीने वर चढतो, धुराड्याला ठेवलेल्या भोकातून नळी आत सारतो आणि ठरावीक वेळ हवा ओढून घेतो. नळीतल्या गाळणीवर धूळ बसते. गाळणीचं आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धूळ. काम कष्टाचं आहे, पण आकडा सरळ निघतो. मग तो कागदावर येईपर्यंत का बदलतो?

याचं उत्तर गुजरातेत शोधलं गेलं. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 पासून दोन वर्षं अहमदाबाद-सुरतेतल्या 473 कारखान्यांवर प्रयोग केला. तिथे प्रदूषण मोजून अहवाल देणारा परीक्षक कारखानाच निवडायचा आणि त्याचे पैसेही तोच द्यायचा. धुळीची मर्यादा होती घनमीटरला 150 मिलिग्रॅम, आणि अहवालांतले आकडे नेमके त्याच्या जरासे खाली येऊन थबकायचे. अहवालांप्रमाणे मर्यादा मोडणारे कारखाने 7 टक्के. स्वतंत्रपणे मोजल्यावर निघाले 59 टक्के.

मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून ठरवला, त्याचं मानधन सामाईक निधीतून दिलं आणि त्याची काही मोजमापं दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. दुसऱ्या वर्षी अचूकतेवर जादा पैसे ठेवले. मर्यादा मोडणाऱ्याला खोटं 'पास' करणं 80 टक्क्यांनी घटलं. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. मर्यादा तीच, दंडही तोच होता.

रात्री वाशी-कोपरखैरण्यात उग्र वास सुटला की आपण जबर दंडाची मागणी करतो. पण सांडपाणी प्रक्रियेचं वीजबिल मालकाच्या हाती दर महिन्याला पडतं, दंड मात्र कधीतरी, झालाच तर. माणसाचं मन जवळच्या खर्चाला जास्त घाबरतं. म्हणून छोटा पण हमखास, लगेच होणारा दंड जास्त कामाचा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये धुराड्यांतल्या धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. माझ्या मते ते तारे कारखान्याच्या फाटकावर, मराठीत, ठळक लावायला हवेत, म्हणजे पाळीवर येणारा कामगार आणि शेजारचा मालक दोघेही रोज वाचतील. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रदूषण मोजणारी कोणती प्रयोगशाळा कोणत्या कारखान्यात जाणार, हे चिठ्ठीनेच ठरू दे.