मारकुटं पोर आणि भावनिक बुद्धिमत्ता : पार्श्वभूमी

‘पोरगं मारकुटं आहे, भावनिक बुद्धिमत्ता (भावना ओळखून हाताळण्याची क्षमता) कमी दिसते,’ असं आता पालकसभेतही सहज बोललं जातं. पण आक्रमकतेचा अभ्यास आणि भावनिक बुद्धिमत्तेचा अभ्यास कितीतरी वर्षं एकमेकांकडे न पाहताच चालले होते.

आक्रमकतेचा धागा जुना. 1939 मध्ये येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की इच्छा अडली की माणूस आक्रमक होतो. हे फारच सरळसोट होतं. अडलेला प्रत्येक जण हात उगारत नाही, ही दुरुस्ती दोनच वर्षांत त्यांच्यातल्याच नील मिलर यांना करावी लागली. 1961 मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी 72 मुलांवर केलेल्या प्रयोगातून दिसलं, की मोठ्यांनी बाहुलीला बडवलेलं पाहून मुलंही बडवतात. पण मुलाला त्या क्षणी काय वाटलं, समोरच्याचं वागणं त्याला कसं कळलं, हे दोन्हींत बाजूलाच राहिलं.

ती जागा केनेथ डॉज यांनी भरली. 1980 च्या अभ्यासात त्यांना आढळलं, की मुद्दाम की चुकून हे स्पष्ट नसलं तर आक्रमक मुलं ‘मुद्दामच’ असं धरून चालतात. 1994 मध्ये निकी क्रिक यांच्यासोबत त्यांनी प्रसंग घडल्यापासून मूल वागेपर्यंतच्या सहा पायऱ्या मांडल्या. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत मागून धक्का लागला, असं समजू. आधी मूल घडलेलं टिपतं, मग त्याचा अर्थ लावतं, मग आपल्याला काय हवंय ते ठरवतं (ताट सांभाळायचं की अद्दल घडवायची), मग सुचतील ती उत्तरं आठवतं, त्यातलं एक निवडतं आणि तसं वागतं. हे सगळं क्षणार्धात होतं. गडबड बहुधा दुसऱ्या पायरीवर होते.

अर्थ लावण्याची सवय भोवतालातूनही येते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याला ‘कांडी संपली’ हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. तिथे चढा आवाज म्हणजे राग नव्हे. वर्गातल्या शांततेत तोच आवाज दुसऱ्या मुलाला भांडणाचा वाटू शकतो. दोष कुणाचाच नाही, पण धक्काबुक्की व्हायला एवढं पुरतं.

दुसरा धागा 1920 मधल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या ‘सामाजिक बुद्धिमत्ते’पर्यंत मागे नेता येतो. भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय मांडणी पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये केली. डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली, आणि मूळ संशोधनाला पेलवणार नाहीत अशी आश्वासनंही देऊन टाकली. 1997 मध्ये तिचे चार भाग ठरले: भावना ओळखणं, विचारासाठी वापरणं, समजून घेणं, हाताळणं.

दोन्ही धागे जुळले ते मोजमापामुळे. अरनॉल्ड बस आणि मार्क पेरी यांच्या 1992 च्या आक्रमकता प्रश्नावलीत 29 विधानं आहेत: शारीरिक 9, शाब्दिक 5, राग 7, वैरभाव 8. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे एकूण 29 ते 145. भावनिक बुद्धिमत्ता जास्त तिथे आक्रमकता कमी, असाच सूर बहुतेक अभ्यासांत निघतो. पण आक्रमकतेची आणि भावनिक बुद्धिमत्तेची अशा दोन्ही प्रश्नावल्या एकाच मुलाने एकाच बैठकीत भरल्या, तर त्या दिवसाचा मूडच दोन्हीकडे उतरतो. शिवाय ‘मला राग आवरता येतो’ अशा अर्थाची विधानं दोन्हीकडे असतात, त्यामुळे नातं आहे त्याहून घट्ट दिसतं. वर्गशिक्षकांनीच कागद गोळा केले तर मुलं शहाण्यासारखी उत्तरं लिहितात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी विधान वाचायला जड गेलं, तर ते मधल्या रकान्यात खूण करून मोकळं होऊ शकतं; त्याला एकेक विधान वाचून दाखवावं. आणि नुसती एकूण बेरीज देऊ नये. आक्रमकतेचे चार भाग वेगळे ठेवले तरच काही कळतं.

कारण सगळी आक्रमकता हाताने होत नाही. फिनलंडच्या काइ ब्योर्कक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं, की सामाजिक हुशारीचं नातं शारीरिक मारामारीशी सगळ्यांत कमी आणि आडून केलेल्या आक्रमकतेशी सगळ्यांत जास्त असतं. सहानुभूतीचा वाटा वजा केला की हे नातं आणखी वाढतं. टोमणा कुठे लागेल, कुणाला गटातून तोडलं की ते रडेल, हे ओळखायला भावना वाचता याव्याच लागतात. असं मूल शिक्षकांना गुणी वाटतं. मारकुटं मात्र लगेच सापडतं.

उपायांचं म्हणाल, तर ‘उशी बडव, राग मोकळा होईल’ हा सल्ला ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगाने मोडीत काढला: राग आणणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे, नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. ‘राग गिळ’ हेही फारसं कामाचं नाही. 1998 मध्ये जेम्स ग्रॉस यांना आढळलं, की भावना चेहऱ्यावर येऊ न दिल्याने आतली भावना कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. प्रसंगाचा अर्थ आधीच वेगळा लावला तर भावनाच कमी उसळते. म्हणून भांडण निवल्यावर मुलाला ‘का मारलंस?’ विचारण्याऐवजी क्रमाने विचारावं: नेमकं काय झालं? त्याने मुद्दाम केलं हे कशावरून? आणखी काय कारण असू शकतं? तिसऱ्या प्रश्नाला मुलाकडून दोन तरी उत्तरं यावीत, आपण सुचवू नयेत. भांडण तापलेलं असताना हे विचारलं तर मूल फक्त बचाव करतं. मारहाण वारंवार होत असेल, किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर प्रश्नोत्तरांवर न थांबता समुपदेशकाकडे न्यावं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहेच.