हातकामाची पदविका विद्यापीठापर्यंत कशी पोहोचली

ब्रिटनमधल्या कला विद्यापीठांच्या प्रवेशाची माहिती वाचताना मराठी वाचक एका शब्दापाशी अडखळतो, तो म्हणजे बीटेक (BTEC). आपल्या बी. टेक.शी त्याचा काडीचाही संबंध नाही. सोळाव्या वर्षी शाळा संपली की घ्यायचा हा दोन वर्षांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, म्हणजे विस्तारित पदविकेत सर्वोच्च श्रेणी मिळाली तर प्रवेशाच्या गुणपद्धतीत १६८ गुण जमा होतात. ए-लेव्हल म्हणजे विद्यापीठाआधीची शालेय परीक्षा; तिच्या तीन विषयांत ए-स्टार ही सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्याचेही तेवढेच होतात. दोन वर्षे छापकाम आणि कापडावरची नक्षी करणारा मुलगा आणि इतिहास-गणित घेतलेली मुलगी कागदावर तरी एका रांगेत उभी राहतात. या रांगेला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात झाली ती व्यापाराच्या काळजीतून. फ्रेंच रेशमापुढे, तिथल्या नक्षीपुढे आपला माल फिका पडतो हे संसदेच्या समितीने ओळखले आणि १८३७ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ उघडले. चित्रकार घडवणे हा तिचा हेतूच नव्हता, कारखान्यांना नक्षीकार हवे होते. मानवी देहाच्या रेखाटनाला सुरुवातीला तिथे थारा नव्हता. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर ते भरवणाऱ्यांपैकी एक सरकारी अधिकारी हेन्री कोल यांच्या हाती सूत्रे आली आणि लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन भागातून तेवीस टप्प्यांचा अभ्यासक्रम देशभर राबवला गेला. गावोगावच्या कलाशाळांतली चित्रे स्पर्धेसाठी दरवर्षी लंडनला पाठवली जात.

हाच साचा मुंबईतही आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल सुरू झाले आणि १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसून वस्तुचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन यांचे कागद रंगवलेल्या कुणालाही साउथ केन्सिंग्टनचे ते तेवीस टप्पे फारसे परके वाटणार नाहीत. घराणे एकच.

ब्रिटनमध्ये विद्यापीठाने कलेला अगदीच दूर ठेवले होते असे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्लेड स्कूल १८७१ पासून होते. पण तो अपवाद. बहुतेक विद्यार्थी स्थानिक प्रशासनाच्या कलाशाळांत शिकत आणि १९४६ नंतर ‘नॅशनल डिप्लोमा इन डिझाइन’ घेऊन बाहेर पडत. पदविका होती, पदवी नव्हती.

खरी कलाटणी १९६० ची. विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार परिषदेने पहिला अहवाल दिला. कोल्डस्ट्रीम स्वतः स्लेडचे प्राध्यापक, म्हणजे विद्यापीठातल्या कलाशाळेचे प्रमुख. त्यामुळे अहवालावर विद्यापीठाची छाया पडली यात नवल नाही. कला आणि डिझाइनची पदविका पदवीच्या तोडीची हवी, कलेचा इतिहास आणि पूरक विषयांना सुमारे पंधरा टक्के वेळ हवा आणि प्रवेशासाठी सोळाव्या वर्षी द्यायच्या शालेय परीक्षेतले पाच विषय, म्हणजे पाच ओ-लेव्हल हवेत, असे त्यात म्हटले होते. त्याआधी एक वर्षाचा पूर्वाभ्यासही सांगितला होता. हा पूर्वाभ्यास पुढे ‘फाउंडेशन’ म्हणून रुळला आणि ब्रिटिश कलाशिक्षणाची ओळखच बनला. कागदोपत्री पात्रता नसली तरी असामान्य गुणवत्तेच्या विद्यार्थ्याला घेता येईल, अशी सवलतही अहवालात होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या छोट्याशा सवलतीत आहे. बाकीची विद्यापीठे गुणपत्रिका पाहत असताना कलेच्या क्षेत्रात मुलाने केलेले काम पाहायचे, हे तत्त्व तिने शाबूत ठेवले.

नवी पदविका १९६३ मध्ये सुरू झाली. त्याआधी जॉन समरसन यांच्या परिषदेने शाळांची छाननी केली आणि आलेल्या अभ्यासक्रमांपैकी निम्म्याहून जास्त नाकारले. काही शाळा पदवीच्या वाटेला लागल्या आणि उरलेल्यांच्या वाट्याला स्थानिक ‘व्होकेशनल’ वर्ग आले. ही दरी खदखदत राहिली. मे १९६८ मध्ये लंडनच्या हॉर्न्सी कलाशाळेचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला, तेव्हा ओ-लेव्हलची अट काढा आणि पदविका व व्यावसायिक वर्ग यांच्यामधली भिंत पाडा, याही मागण्या होत्या. त्या लगेच मान्य झाल्या नाहीत.

१९७४ मध्ये पदविका रीतसर ऑनर्स पदवी झाली. त्याच दशकाच्या अखेरीस टेक्निशियन एज्युकेशन कौन्सिलच्या कला समितीने पदवीच्या खालच्या स्तरावर कला-डिझाइनच्या नव्या व्यावसायिक पदविका उभ्या केल्या. १९८३ मध्ये हे कौन्सिल बिझनेस एज्युकेशन कौन्सिलमध्ये मिसळले आणि जोडनावाच्या आद्याक्षरांतून बीटेक हे नाव आले. या पदविका थेट नोकरीसाठी होत्या. छापखान्यात, जाहिरात कंपनीत, कापडगिरणीत हाताला काम मिळावे एवढाच हेतू. पण मुले त्या घेऊन पदवीच्या मुलाखतीला जाऊ लागली. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ कामच केलेल्या मुलाची चित्रांची फाइल जाडजूड असे आणि समोर बसलेले प्राध्यापक स्वतः कलाशाळांतूनच आलेले असत. नियम बदलायच्या आधी व्यवहार बदलला.

पुढचे फेरबदल वेगाने झाले, पण त्यांत फारसा रस घेण्यासारखे काही नाही. १९९२ मध्ये पॉलिटेक्निक संस्थांची विद्यापीठे झाली, त्यांच्यातल्या कलाशाळाही आपोआप विद्यापीठीय झाल्या. त्याच वर्षी आलेल्या जीएनव्हीक्यू या नव्या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या पहिल्या पाच विषयांत कला-डिझाइन होते. २००२ च्या प्रवेशांपासून गुणांचे कोष्टक लागू झाले आणि पुढे त्यात व्यावसायिक पदविकेलाही आकडा मिळाला. प्रवेशाच्या वेळापत्रकातही या विषयाचे वेगळेपण टिकले होते. इतरांची अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपे, पण कलेच्या कित्येक अभ्यासक्रमांसाठी ती अनेक वर्षे २४ मार्च होती, कारण फाउंडेशनच्या मुलांना पोर्टफोलिओ तयार करायला वेळ लागतो. जानेवारीत त्यांच्याकडे दाखवण्यासारखे फारसे नसे.

मुंबईतही हीच गोष्ट जराशी उशिरा घडली. जे. जे. १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि तिथल्या सरकारी पदविकेच्या, म्हणजे ‘जी. डी. आर्ट’च्या जागी बी. एफ. ए. ही पदवी आली. ‘जी. डी. आर्ट’ हे नावाखाली लिहायचे बिरुद होते आणि एका पिढीने ते अभिमानाने लिहिले. २०२३ मध्ये जे. जे. अभिमत विद्यापीठही झाले.

इंग्लंडमध्ये आता पुन्हा डाव मांडला जातो आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने श्वेतपत्रिकेतून ‘व्ही-लेव्हल’ जाहीर केले. आकाराने ते एका ए-लेव्हलएवढे, इतर विषयांशी जोडून घेण्याजोगे आणि बीटेकसारख्या पदविकांच्या जागी येणारे आहेत. तीन ए-लेव्हलच्या आकाराची पदविका घेणारा विद्यार्थी दोन वर्षे जवळपास सगळा वेळ स्टुडिओत घालवतो. एका व्ही-लेव्हलला त्यातला तिसरा हिस्सा मिळेल आणि मुलाखतीला नेण्याची फाइल तेवढ्या वेळातच भरावी लागेल.